डाव्या अंगावरचा कागद

मी इन्क्युबेटर बोलतोय. जिन्याखाली, विजेच्या मीटरशेजारी उभा आहे, तोच. जाणारे-येणारे मला कपाट म्हणतात. पहारेकरी माझ्यात छत्री ठेवतो, चपला ठेवतो, वरच्या फळीवर रेडिओ ठेवतो. ठेवू दे. पण मी कपाट नाही. कपाटाला ऊब नसते.

आणखीही गैरसमज आहेत, ते आधीच निस्तरतो. अंडी उबवायचं यंत्र मी नव्हे. अपुऱ्या दिवसांची बाळं ठेवतात, तोही मी नव्हे. माझ्यात पेशी वाढायच्या. माणसाच्या अंगातून काढलेल्या जिवंत पेशी, चपट्या बाटल्यांच्या तळाला चिकटून. आपण अजून अंगातच आहोत असं त्यांना वाटलं पाहिजे. ते वाटायला लावणं हे माझं काम. सदतीस अंश. साडेसदतीस नाही, साडेछत्तीस नाही. एकतीस वर्षं केलं.

मी शिकलेला नाही. जे कळलं ते खोलीत उभ्या उभ्या ऐकून. तेवढंच सांगतो.

कारखान्यात आम्ही दोघे भाऊ एकाच दिवशी तयार झालो. माझ्या पाठीवरच्या नंबराचा शेवटचा आकडा चार, त्याचा पाच. म्हणजे मी थोरला. तीन दिवस आम्हाला रिकामं तापवून पाहिलं. तो दोनदा चुकला. मी नाही.

एकाच गाडीतून आम्ही संशोधन संस्थेत आलो. तेवढाच आमचा सहवास. उतरवलं आणि एका भिंतीच्या दोन बाजूंना उभं केलं. माझ्याकडे निरोगी पेशी, त्याच्याकडे विषाणू दिलेल्या. निरोगी आणि रोगी एका दारामागे ठेवत नाहीत. पुन्हा मी त्याला पाहिलं नाही. भिंतीतून त्याची घरघर ऐकू यायची. त्याला माझी येत असेल. सव्वीस वर्षं आमचं बोलणं एवढंच.

खोली बाईंची. विषाणू पेशीत कसा शिरतो, हा त्यांचा अभ्यास. आल्या तेव्हा केस काळे होते आणि चष्मा नव्हता. खोलीत दुसरा माणूस मामा. काचसामान धुवायचा, गॅसचं सिलिंडर बदलायचा, माझ्या तळाच्या ट्रेमधलं पाणी बदलायचा. ते पाणी नसलं तर माझ्या आतली हवा कोरडी पडते आणि पेशी सुकतात. मामा चौथीपर्यंत शिकलेला. हसणं कमी, बोलणं त्याहून कमी. माझं दार त्याने एकदाही आपटलं नाही.

पहिल्याच वर्षी त्याने बाईंना विचारलं, "बाई, तुम्ही दिवसभर शोधता तरी काय?"

"दार शोधते, मामा. विषाणू म्हणजे चोर. घरात शिरल्याशिवाय त्याला जगता येत नाही. आणि हव्या त्या घरात शिरताही येत नाही. त्याच्याकडे एक किल्ली असते, ती बसेल असं दार लागतं."

"मग दारच काढून टाका."

"त्याच दारातून घरच्यांची ये-जा असते. काढून कसं चालेल?"

"मग कुलूप बदला."

"बदलू की. पण दार कुठलं ते तर कळू दे!"

मामाने मान हलवली आणि तो काचा धुवायला गेला. त्याला पटलं होतं. पटलं की तो बोलत नसे.

लहान मुलांच्या छातीत बसणारा एक विषाणू होता. तो फुफ्फुसाच्या पेशीत कोणत्या दाराने शिरतो, हे बाईंना हवं होतं. एका शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या फुफ्फुसाच्या तुकड्यातून त्यांनी पेशी वाढवायला घेतल्या. अकरा महिने गेले. नऊ बाटल्या मेल्या, दहावी जगली. त्यातल्या थोड्या पेशी बाईंनी लगेच नळ्यांत भरल्या आणि कोपऱ्यातल्या नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवल्या. एवढं लक्षात असू द्या.

त्या पेशी फार सावकाश वाढायच्या. मामा त्यांना हळूबाई म्हणायचा. पेशींचं खाणं लाल रंगाचं असतं. त्यांनी ते खाल्लं आणि त्यात आपला मळ सोडला, की ते पिवळं पडतं. हळूबाईंना त्याला सहा दिवस लागत. मामाने माझ्या डाव्या अंगाला एक लांब कागद चिकटवला आणि लाल-पिवळी पेन्सिल दोरीने टांगली. लिहायचा त्याला कंटाळा. रोज सकाळी पाणी बघताना काचेतून हळूबाईंकडे नजर टाकायचा. खाणं लाल दिसलं तर लाल रेघ, पिवळं दिसलं तर पिवळी. एका महिन्याची एक ओळ. पिवळी रेघ ओढली की हाक मारायचा, "बाई, पोरी जेवल्या!" मग बाई जुनं खाणं काढून नवं घालत.

कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःच्या समाधानासाठी करायचा. कागद भरला की खाली दुसरा जोडायचा.

माझ्या दुसऱ्या फळीवर एक दांडगी जात होती. कुणाच्या तरी कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी. त्यांना मरण ठाऊक नव्हतं. दोन दिवसांत बाटली भरून टाकायच्या. त्यांच्यासाठी बाईंचा नियम कडक होता. हळूबाईंना आधी वाढायचं, दांडग्यांना मागून. दोघींच्या खाण्याची बाटली वेगळी, हळूबाईंची निळ्या पट्टीची, दांडग्यांची काळ्या. "एक पळी दोन पातेल्यांत घालायची नाही," असं नव्या माणसाला त्या बजावायच्या. "दांडगी एक जरी हळूबाईंत पडली ना, तर आज पाहुणी आणि दोन महिन्यांनी घरधनीण. खरी घरधनीण उपाशी मरते, आणि बाटलीवर नाव तिचंच राहतं."

हळूबाई भिंतीपलीकडे माझ्या भावाकडे जात. तिथे त्यांच्यावर विषाणू सोडला जाई. आणि बाई तोंड पाडून परत येत. "मुलांच्या छातीत खुशाल शिरतो. इथे नुसता दाराशी बसतो." असं चार वर्षं चाललं. वर्षाला एकदा वरचे साहेब येत, खोलीभर नजर फिरवून विचारत, "काही हाती लागलं?" बाई म्हणत, "नाही." ते निघून जात. मला तो माणूस आवडत नव्हता. माझ्या दारावर बोटांचे ठसे ठेवून जायचा.

मग ती सकाळ आली.

हळूबाई त्या दिवशी पुऱ्या पिवळ्या झाल्या नव्हत्या, म्हणून बाईंनी दांडग्यांना वाढायला घेतलं होतं. फोन वाजला. बाईंचे वडील घरात पडले होते. "आले, आलेच," म्हणाल्या आणि फोन ठेवला. दाराशी गेल्या. तिथून परतल्या. पुन्हा कधी यायला मिळेल कोण जाणे, हळूबाई उपाशी राहतील, असं वाटलं असावं. मला उघडलं, हळूबाईंची बाटली काढली आणि टेबलावर नेली. माझं बाहेरचं दार सताड उघडं होतं, म्हणून आतल्या काचेतून मला सगळं दिसलं. बाईंनी निळ्या पट्टीची बाटली काढलीच नाही. समोर होती त्या काळ्या पट्टीच्या बाटलीतून, हातात होती त्याच नळीने हळूबाईंना वाढलं. बाटली माझ्यात ठेवली आणि गेल्या. बाहेरचं दार उघडंच.

मी थंड पडत गेलो. छत्तीसवर आलो तेव्हा ओरडलो. मामा ओल्या हातांनी धावत आला. "काय रे, काय झालं?" म्हणाला आणि दार लावलं. मी गप्प झालो. ऊब सुटली तर ओरडायचं, एवढंच मला येतं. चूक झाली तर ओरडायची सोय माझ्यात केलेली नाही.

वडील तिसऱ्या दिवशी गेले. बाई दोन आठवड्यांनी कामावर आल्या. त्या सकाळचा फोन त्यांना आठवत होता. पुढचं काहीच नाही.

दोन महिन्यांनी मामा म्हणाला, "बाई, हळूबाई आता हळू राहिल्या नाहीत. दोन दिवसांत जेवतायत."

बाईंनी बाटली सूक्ष्मदर्शकाखाली धरली. "रुळल्या, मामा. इतकी वर्षं झाली, रुळणारच."

"रुळलेलं माणूस बेतानं जेवतं, बाई. असं हादडतो तो नवा पाहुणा."

"मामा, तुम्ही आपलं ट्रेचं पाणी बघा. पेशी मी बघते."

मामाने पाणी बदललं. पिवळी रेघ ओढली. त्या विषयावर पुन्हा एक शब्द बोलला नाही.

पुढच्याच महिन्यात विषाणू शिरला. बाई भिंतीपलीकडून धावत आल्या आणि माझ्यावर हात आपटून हसल्या. कुणी हात आपटलेला मला खपत नाही. त्या दिवशी खपवून घेतला. पाच वर्षांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. आणि मला माहीत होतं. आत होत्या त्या हळूबाई नव्हत्या. मी त्यांना पोसत होतो, मला नाही कळणार? त्यांची धग वेगळी, भूक वेगळी. खऱ्या हळूबाई कधीच उपाशी मेल्या होत्या. बाटलीवर नाव त्यांचंच होतं.

पण सदतीस बरोबर होतं. ओरडू कशाला?

दार सापडलं म्हणून शोधनिबंध छापून आला. बाईंचं नाव झालं, हाताखाली माणसं आली. माझ्या दारावर हात ठेवून त्यांचा फोटो निघाला. वरचे साहेब आता वारंवार येऊ लागले, पाहुण्यांना घेऊन. बाटलीतल्या पेशी डब्यांत भरून गावोगावच्या प्रयोगशाळांना गेल्या. बाटलीवरचं नाव त्यांच्याबरोबर गेलं.

माणसांबद्दल मी एक शिकलो. मनाविरुद्ध झालं की माणूस दहा वेळा तपासतो. मनासारखं झालं की एकदाही नाही. बाईंसारखी कडक बाईसुद्धा.

मामा निवृत्त झाला. शेवटच्या दिवशी त्याने मला आतून-बाहेरून पुसलं, ट्रे भरला, शेवटची रेघ ओढली. निरोप वगैरे काही नाही. मलाही तसलं जमत नाही. नंतर खोलीत नवा फ्रीज आला. त्याला जागा हवी म्हणून मला डावीकडे सरकवलं. माझं डावं अंग भिंतीला लागलं आणि कागद दिसेनासा झाला.

एकदा दुसऱ्या गावच्या एका संशोधक मुलीचा फोन आला. तिने स्वतः फुफ्फुसाच्या पेशी वाढवल्या होत्या. बाईंनी सांगितलेल्या दाराने विषाणू शिरत नव्हता. बाई म्हणाल्या, "पेशींना सरावलेला हात लागतो. तुझा अजून बसलेला नाही." तिने आणखी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा हेच उत्तर. मग तिचे फोन थांबले. तिच्या सरांनी तिला कामावरून काढल्याचं कानावर आलं. "वाईट झालं," बाई म्हणाल्या आणि बाटली माझ्यात ठेवली.

सव्वीसाव्या वर्षी, सकाळी अकराला, भिंतीतली घरघर थांबली. थोडा वेळ वाट पाहिली. पुन्हा सुरू झाली नाही. तो धाकटा होता. पण आधी थकला.

त्याला बाहेर काढायचं तर गॅसची नळी सोडवायला हवी होती. ती माझ्यामागून गेली होती. म्हणून दोन माणसांनी मला भिंतीपासून ओढलं. बाई बाजूला उभ्या होत्या. त्यांना कागद दिसला.

"अरे, मामांचा कागद!" त्यांनी रुमालाने धूळ पुसली. हसत हसत वाचू लागल्या. लाल, लाल, लाल, लाल, लाल, पिवळी. लाल, लाल, लाल, लाल, लाल, पिवळी. ओळीमागून ओळ तशीच. मग एका ओळीत मधेच लाल कमी झाल्या. पुढच्या ओळीत आणखी कमी. त्याच्या पुढे लाल, पिवळी, लाल, पिवळी, थेट शेवटच्या कागदापर्यंत.

बाईंचं बोट मागे मागे आलं आणि जिथे बदल सुरू होतो तिथे थांबलं. कडेला मामाने महिना लिहिला होता.

"बाबा," त्या म्हणाल्या. एवढंच.

माणसं भावाला घेऊन गेली. बाई टेबलावरच्या काळ्या पट्टीच्या बाटलीकडे बघत राहिल्या. ती सकाळ त्यांना आता आठवली असावी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकीतून अगदी जुनी नळी काढली आणि त्या पेशी माझ्यात ठेवल्या. काही उठल्या, पुष्कळ मेल्या. उरल्या त्या हळूहळू वाढल्या. सहाव्या दिवशी खाणं पिवळं झालं. वीस वर्षांनी माझ्यात खऱ्या हळूबाई आल्या होत्या. बाईंनी दोन्ही पेशी ओळख पटवायच्या चाचणीला पाठवल्या. जुन्या निघाल्या फुफ्फुसाच्या. निबंधातल्या निघाल्या दांडग्या.

निकालाचा कागद त्यांनी दोनदा वाचला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. माझ्या डोक्यावर काही ठेवायचं नाही, हा त्यांचाच नियम होता.

हे दोघांनाच ठाऊक होतं. त्यांना, आणि मला. निवृत्तीला पाच वर्षं होती. गप्प राहिल्या असत्या तर मूठ झाकलेलीच राहिली असती. सांगितलं तर पंचवीस वर्षांच्या कामावर पाणी. आठवडाभर त्या रोज माझं बाहेरचं दार उघडून काचेसमोर उभ्या राहायच्या. काही काढायच्या नाहीत, काही ठेवायच्या नाहीत. काचेवर श्वासाची वाफ जमायची.

मग त्यांनी मामाला बोलावून घेतलं. काठी टेकत आला. आधी माझा ट्रे ओढून पाहिला. "पाणी कोण बदलतं? शेवाळ धरलंय," म्हणाला.

"मामा, बसा. तुम्ही मला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं."

"पुन्हा का नाही सांगितलंत?"

"एकदा सांगितलं, बाई. तुम्ही म्हणालात, पाणी बघा. पाणी बघितलं."

"इतका राग आला?"

मामाने काठी भिंतीला टेकवली. "आला होता. आणि वाटलं, शिकलेलं माणूस आहे, आपल्याला काय कळतंय. दोन्ही होतं. चूक माझीही धरा."

"नाही मामा. हात माझा होता." बाईंनी चष्मा काढला. "आता काय करू ते सांगा."

"पाणी खराब झालं की मी काय करायचो?"

"बदलायचात."

"वरवरचं नाही. सगळं ओतायचो, ट्रे घासायचो, कोरडा करायचो. वरवर बदललं की चौथ्या दिवशी पुन्हा वास." तो उठला. "चहा नको. गुडघा धरतो, उशीर झाला की."

बाईंनी त्याच आठवड्यात लिहिलं. निबंध मागे घेतला. चूक कुठल्या सकाळी झाली, कुठल्या बाटलीतून झाली, आणि ती आधी कुणाच्या ध्यानात आली होती, तेही लिहिलं. मामाचा हुद्दा लिहिला: प्रयोगशाळा मदतनीस.

मग फोन सुरू झाले. आधी रागाचे, मग कोरडे. मग बंद. वरचे साहेब यायचे थांबले. हाताखालची माणसं एकेक करून दुसऱ्या खोल्यांत गेली. कुणी वाईट बोललं नाही. ये-जा तेवढी थांबली.

एक फोन मी ऐकला. बाईंच्या हातांत मोजे होते, म्हणून त्यांनी तो टेबलावर मोठ्या आवाजात लावला होता.

"मॅडम, मी. तीनदा फोन केला होता, ती."

"ओळखलं."

"म्हणजे माझा हात वाईट नव्हता?"

"नव्हता. चांगला होता. माझ्यापेक्षा."

मग ती म्हणाली, "आता मी शाळेत शिकवते. परत येणं काही होणार नाही. पण कळलं ते बरं झालं." आणि ठेवला.

बाईंनी मोजे काढून टाकले. दुसरे चढवले. हळूबाईंना वाढलं. आधी त्यांनाच. निळ्या पट्टीच्या बाटलीतून.

शेवटची चार-पाच वर्षं खोलीत आम्ही तिघं. बाई, मी आणि हळूबाई. माझ्या ट्रेचं पाणी बाई स्वतः बदलायच्या. सगळं ओतून, घासून. एके सकाळी त्यांनी लाल-पिवळी पेन्सिल आणली, मामाच्या शेवटच्या कागदाखाली नवा कागद जोडला आणि पहिली रेघ ओढली. मग रोज. पिवळी आली की मोठ्याने म्हणायच्या, "पोरी जेवल्या." ऐकायला मी.

दार सापडलं नाही. बाईंनी एकामागून एक अकरा दारं तपासली. त्यांपैकी एकही नाही, एवढं छापलं. ते कुणी वाचलं की नाही, ठाऊक नाही. पण त्या अकरांपाशी पुन्हा कुणाला वर्षं घालवायला नकोत.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी हळूबाईंना नळ्यांत भरून टाकीत ठेवलं. नळ्यांवर नाव लिहिलं. या वेळी आधी तपासून. मग माझा ट्रे रिकामा केला, मला पुसलं आणि आत हात घालून काही वेळ तसाच ठेवला. हात गार होता. "बाबांना त्या दिवशी बघायला पाच मिनिटं उशिरा गेले," म्हणाल्या. "ह्यांना वाढत बसले म्हणून. तोवर त्यांचं बोलणं गेलं होतं."

मग प्लग काढला. सदतीस. छत्तीस. तेहेतीस. संध्याकाळपर्यंत मी खोलीइतका झालो.

नव्या माणसांना नवी यंत्रं मिळाली. मला जिन्याखाली आणलं. तीन वर्षं झाली. संध्याकाळी पहारेकरी रेडिओ काढून घेऊन जातो, मग आवाज नाही. कधी कधी भिंतीतली घरघर ऐकायचा प्रयत्न करतो. ही भिंत वेगळी आहे.

मागणं एकच. भंगारवाला कधीतरी येईल. यावा, माझी तक्रार नाही. पण माझ्या डाव्या अंगावर कागद आहेत. ते ओरबाडून काढण्याआधी कुणीतरी वाचा. दोन जणांचे हात आहेत त्यावर. मामाच्या रेघा जाड, बाईंच्या बारीक. शेवटच्या ओळीत पाच लाल आहेत. सहावी ओढायची राहिली.

आणि जमलं तर प्लग लावून बघा. छत्री, चपला आधी काढा. तासाभराने आकडा बघा.

सदतीस असेल.